शंकरपटातील हौशी जोडीचा ऱ्हास : यावल परिसराच्या संदर्भात एक विचार

महाराष्ट्रातील बैलांच्या शर्यतींविषयी गेल्या दशकात जे लिहिले गेले, त्याचा बहुतेक भाग न्यायालयीन वादाभोवती फिरतो. शर्यतींवर बंदी आली, म्हणून त्या क्षीण झाल्या. बंदी उठली, म्हणून त्या पुन्हा बहरल्या, अशी त्या इतिहासाची सर्वसाधारण मांडणी असते. ही मांडणी अपुरी आहे. शर्यतींना जमणारा समुदाय आणि शर्यतीत जोडी उतरविणारा शेतकरी या दोन भिन्न गोष्टी होत. पहिल्याची संख्या वाढत असताना दुसऱ्याची घटू शकते. हा दुसरा, म्हणजे स्वतःची औताची जोडी घेऊन गावच्या पटावर येणारा हौशी शेतकरी, मैदानातून का नाहीसा होत आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी सातपुड्याच्या पायथ्याचा यावल तालुका हे विचाराचे मुख्य क्षेत्र घेतले असून शब्दांची साक्षही ठिकठिकाणी काढली आहे.

प्रथम नावांचा विचार करू. विदर्भात या खेळास 'शंकरपट' म्हणतात. 'पट' म्हणजे येथे धावेची पट्टी. बैल हे शंकराचे वाहन, म्हणून हे नाव पडले, असे लोक सांगतात. वऱ्हाडाला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्याच्या पूर्व भागातही हे नाव परिचित आहे. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात हाच खेळ 'बैलगाडा' होतो आणि तो ज्या चढावर चालतो त्याला 'घाट' म्हणतात. सातारा-सांगलीकडे केवळ 'मैदान' म्हटले की पुरते. नावे प्रांतोप्रांती निराळी. परंतु खेळाच्या आतील शब्द पाहिले, तर ते जवळजवळ सर्व शेतीतून आलेले दिसतात. सातारी मैदानात जोडीला नेमून दिलेल्या धावेच्या वाटेस 'तास' किंवा 'चाकोरी' म्हणतात. तास हे नांगराचे, चाकोरी ही गाडीच्या चाकाची. 'आदत', 'दुसा', 'चौसा' हे वयाचे वर्ग गुरांच्या बाजारातून आले आहेत. तेथे दातांवरून बैलाचे वय आणि वयावरून त्याची किंमत ठरते. विदर्भात जोडी हाकणाऱ्यास 'धुरकरी' म्हणतात. हा शब्द संस्कृत 'धुर्' म्हणजे जू किंवा जुवाचा भार यापासून निघालेला असून 'धुरीण' आणि 'धुरंधर' हे त्याचेच प्रतिष्ठित सोयरे होत. समाजाचे नेतृत्व करणाऱ्यास आपण ज्या शब्दाने गौरवितो, तो मुळात जू वाहण्यास समर्थ अशा बैलाचा आहे.

या शब्दसंग्रहावरून एक गोष्ट निश्चित होते. शर्यत ही शेतीहून वेगळी अशी संस्था नव्हती. कामाच्याच बैलांनी, कामाच्याच परिभाषेत, कामाच्या खंडात करावयाची ती एक क्रीडा होती. 'शर्यत' हा शब्द अरबी 'शर्त' म्हणजे अट किंवा पैज यापासून आला आणि 'हौस' हाही मूळचा अरबीच. परंतु मराठी शेतकऱ्याने 'हौस' या शब्दाला जो अर्थ दिला, त्यात लाभाची अपेक्षा गौण आणि आपल्या जित्राबाविषयीचा अभिमान मुख्य आहे. 'हौशी' या विशेषणाचा हाच अर्थ येथे अभिप्रेत आहे.

आता यावलकडे वळू. हा तालुका केळीचा आणि कापसाचा. विजेचे पंप येण्यापूर्वी येथील बागाईत मोटेवर, म्हणजे बैलांच्या खांद्यावर उभी होती. केळीचे घड शेतातून सावदा किंवा निंभोरा यांसारख्या रेल्वेस्थानकांपर्यंत बैलगाडीनेच जात. प्रवासासाठी हलकी, दोन-चार माणसांची दमणी असे. बाजाराहून परतताना दोन दमण्यांत चुरस लागणे, ही त्या जीवनातील सर्वपरिचित गोष्ट होय. पटावरची धाव ही त्या चुरशीचेच नियमबद्ध रूप आहे. जोमदार पांढऱ्या खिलार बैलांचा 'तापी खिलार' हा एक पोटप्रकार पशुशास्त्राच्या ग्रंथांत याच खोऱ्याच्या नावाने नोंदविला गेला आहे. सातपुड्यापलीकडून येणारा तांबडा निमाडी बैलही येथे कष्टाळू म्हणून नावाजलेला होता.

गावाच्या सामूहिक जीवनात या बैलाचे स्थान काय होते, हे दोन प्रथांवरून दिसते. पहिली पोळ्याची. शृंगारलेले बैल वेशीशी जमावयाचे आणि पोळा फुटताच एकदम सुटावयाचे, या रिवाजात शर्यतीचे बीज स्पष्ट आहे. त्यात भाग घेण्यास प्रवेशशुल्क नसे. घरी बैल असणे हीच पात्रता. दुसरी प्रथा बारागाड्यांची. आखाजीच्या सुमारास व गावच्या यात्रेत एकमेकींस जोडलेल्या आणि माणसांनी भरलेल्या बारा गाड्या भगताने ओढावयाच्या, ही खानदेशची खास ओळख. येथे बैल जुंपलेला नसतो, हे खरे. परंतु गावातच बारा गाड्या सहज उभ्या राहतील, हे या प्रथेचे गृहीतक आहे. डिसेंबर १९३६ मध्ये याच तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. त्याची सजावट नंदलाल बोस यांनी केली आणि अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू यांना बैलांच्या रथातून नेण्यात आले. ग्रामीण भारताचे प्रतीक म्हणून त्या वेळी बैलाहून समर्पक असे दुसरे काही सुचणे शक्य नव्हते.

ही स्थिती पालटली ती कायद्याने नव्हे. मोटेची जागा प्रथम तेलाच्या इंजिनाने आणि नंतर विजेच्या पंपाने घेतली. तापीकाठच्या गाळाच्या प्रदेशात विहिरींचे पाणी खोल गेले, कूपनलिका आल्या आणि त्या खोलीवर मोटेचा प्रश्नच उरला नाही. पुढे नांगरट ट्रॅक्टरकडे आणि केळीची वाहतूक मालमोटारींकडे गेली. कृत्रिम रेतनाच्या प्रसाराने गाईचे मूल्य दुधावर ठरू लागले आणि गोऱ्हा हा बोजा झाला. देशाची पशुगणना या पालटाचे प्रमाण देते. २०१२ मध्ये भारतात गोवंशातील नरांची संख्या सुमारे ६ कोटी ७९ लक्ष होती. २०१९ मध्ये ती सुमारे ४ कोटी ७४ लक्षांवर आली. म्हणजे सात वर्षांत ३० टक्के घट. त्याच काळात माद्यांची संख्या सुमारे १२ कोटी ३० लक्षांवरून १४ कोटी ५१ लक्षांपर्यंत वाढली. गोवंश कमी झाला नाही. बैल कमी झाला.

याच कालखंडात बंदीचे प्रकरण घडले. ११ जुलै २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेने खेळांसाठी प्रशिक्षित वा प्रदर्शित करण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश झाला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबरच महाराष्ट्रातील शर्यतीही अवैध ठरविल्या. चाबूक, आसूड आणि टोचणीचा वापर यांविषयीचे आक्षेप निराधार नव्हते, हे मान्य केले पाहिजे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. उच्च न्यायालयाने तिची अंमलबजावणी रोखली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींस अनुमती दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, अनामत रक्कम, पशुवैद्याचा दाखला आणि जास्तीत जास्त १,००० मीटर धाव अशा अटी आता लागू आहेत. प्राण्याच्या दृष्टीने त्या आवश्यक आहेत. परंतु त्या पाळण्याची शक्ती मोठ्या आयोजकापाशी असते. लहान गावच्या यात्रा-समितीस त्या जड जातात.

दहा वर्षांनी पट उघडला तेव्हा त्यावर कोण आले, हा खरा प्रश्न आहे. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडजवळ चिखली येथे झालेल्या शर्यतीत जेसीबी यंत्र, मोटार व ट्रॅक्टर अशी बक्षिसे होती. ज्या यंत्राने बैलास शेतातून घालविले, तेच बैलाच्या विजयाचे पारितोषिक व्हावे, यातील विसंगती उघड आहे. अशा मैदानासाठी लागणारा बैल निराळाच असतो. तो औत ओढत नाही. त्याचा खुराक, सराव आणि वाहतूक यांचा खर्च शेतीच्या उत्पन्नातून भागत नाही. त्याची किंमत लाखांत होते. औताची जोडी त्याच्याशेजारी उभी करण्यात अर्थ नसतो, म्हणून तिचा मालक प्रेक्षकांत जाऊन बसतो.

भाषेने हा पालट टिपला आहे. 'धुरकरी' या शब्दाजवळ आता 'ड्रायव्हर' ऐकू येतो. 'गट', 'सेमीफायनल' आणि 'फायनल' या पायऱ्या आल्या; 'हिंदकेसरी' हा किताब कुस्तीच्या आखाड्यातून उसना घेतला गेला. पूर्वी जोडी मालकाच्या वा गावाच्या नावाने ओळखली जाई; आज बैलच नामवंत होतो. मालक, हाकणारा आणि राबणारा हे तीन भिन्न इसम झाले, की 'हौशी' या शब्दास आधार उरत नाही.

ही प्रक्रिया बैलांपुरती नाही, हे मोटारशर्यतींच्या इतिहासावरून दिसते. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील स्पोर्ट्स कार क्लबचे प्रारंभीचे सभासद ज्या मोटारीने मैदानावर येत, तीच शर्यतीत पळवीत आणि तिनेच घरी परतत. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरम येथे युद्धकालीन धावपट्टीवर ज्या शर्यती होत, त्यांत फियाट व हेरल्ड या रस्त्यावरच्याच गाड्या सुधारून उतरविल्या जात. पुढे शर्यतीची मोटार आणि रोजची मोटार विभक्त झाल्या. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे ग्रेटर नोएडा येथे फॉर्म्युला वन शर्यती झाल्या. प्रेक्षक लाभले, परंतु लहान मैदानांवरील सामान्य स्पर्धकास त्याने बळ मिळाले नाही. वाहन निराळे, देश निराळा, क्रम तोच.

शर्यतींमुळे खिलारसारख्या जाती टिकतील, असा एक युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे, पण मर्यादित. शर्यत वेगवान बैल टिकवील. ओढीचा, सोशीक, तापीकाठच्या मातीत राबणारा बैल टिकविण्याचे तिला प्रयोजन नाही. जात ही उपयोगाने घडते आणि उपयोग बदलला की तीही बदलते.

तात्पर्य, हौशी जोडीचा ऱ्हास बंदीच्या आधी सुरू झाला, बंदीच्या काळात झाकला गेला आणि बंदी उठल्यावर उघड झाला. त्याचे मूळ कारण शर्यतीचा बैल आणि कामाचा बैल यांची फारकत हे होय. पटाची पुनःस्थापना न्यायालयाच्या निर्णयाने होऊ शकते, धुरकऱ्याची नाही. यावलसारख्या तालुक्यात मोट, दमणी आणि औत प्रत्यक्ष हाकलेली पिढी अद्याप हयात आहे. तिच्या तोंडची बैलांची, जुवाची आणि धावेची परिभाषा गावोगाव जाऊन उतरवून घेणे, हे या विभागाच्या विद्यार्थ्यांस सहज साध्य असे काम आहे आणि ते याच पिढीत व्हावयास हवे.