सूर आधी, हिशेब नंतर : ‘द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ पडद्यावर पाहताना

सतार, सरोद आणि तबला स्वरात मिळवून होतात, वादक क्षणभर थांबतात आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला हजारोंचा समुदाय टाळ्यांचा कडकडाट करतो. आपल्याकडच्या एखाद्या मैफलीत अशी टाळी पडली असती, तर जाणकारांनी एकमेकांकडे पाहून स्मित केले असते. पंडित रविशंकरही स्मित करतात. श्रोत्यांचे आभार मानून ते म्हणतात की, वाद्ये जुळवणेच इतके आवडले असेल, तर प्रत्यक्ष वादन याहून अधिक आवडेल अशी आशा आहे.

हा प्रसंग १ ऑगस्ट १९७१ चा. त्या रविवारी दुपारी आणि रात्री असे दोन कार्यक्रम झाले. दोहोंना मिळून सुमारे चाळीस हजार श्रोते उपस्थित होते. जॉर्ज हॅरिसन, रविशंकर, बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, बिली प्रेस्टन, लिऑन रसेल अशी नामावळी एका रंगमंचावर आली आणि कुणीही मानधन घेतले नाही. मदतनिधीसाठी नामवंत रॉक कलावंतांनी एकत्र येण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न मानला जातो. सॉल स्विमर यांनी दिग्दर्शित केलेला त्याचा चित्रपट मार्च १९७२ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. २००५ मध्ये तो सुधारित ध्वनीसह डीव्हीडीवर आला आणि नव्या पिढीच्या हाती पडला. दीड तासाहून थोड्या अधिक लांबीचा हा चित्रपट संगीताचा ऐवज म्हणून थोर आहेच. पण सदिच्छा कुठवर पोहोचते आणि कुठे अडते, याचा दस्तऐवज म्हणूनही तो पाहण्याजोगा आहे.

मित्राने मागितलेली मदत

चित्रपटाचा आरंभ संगीताने होत नाही, तर पत्रकार परिषदेने होतो. जगात एवढी संकटे असताना नेमके हेच का निवडले, असा प्रश्न हॅरिसनला विचारला जातो. त्याचे उत्तर अगदी साधे आहे : एका मित्राने मदत मागितली, म्हणून. या उत्तरात कोणताही आव नाही आणि तेच या साऱ्या उपक्रमाचे मर्म आहे.

तो मित्र म्हणजे अर्थातच रविशंकर. त्यांचा जन्म वाराणसीचा असला, तरी घराण्याची मुळे पूर्व बंगालातली. त्यांचे गुरू उस्ताद अल्लाउद्दीन खाँ हेही त्याच भूमीतले आणि गुरुपुत्र उस्ताद अली अकबर खाँ यांचा जन्म कोमिल्ला जिल्ह्यातला. नोव्हेंबर १९७० मध्ये त्या किनारपट्टीवर आलेल्या चक्रीवादळात तीन ते पाच लाख माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असा अंदाज आहे. पुढच्याच महिन्यात झालेल्या निवडणुकीत शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगला स्पष्ट बहुमत मिळाले. परंतु सत्ता काही त्यांच्या हाती आली नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात हत्याकांड आरंभले. निर्वासितांचे लोंढे सीमा ओलांडून पश्चिम बंगाल, त्रिपुरा, आसाम आणि मेघालयात येऊ लागले. वर्षअखेरीस त्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. छावण्यांत पटकीने थैमान घातले होते आणि त्यात बालकांचे हाल सर्वाधिक होते.

त्या सुमारास रविशंकर अमेरिकेत होते. एखादा कार्यक्रम करून पंचवीस हजार डॉलर उभे करावेत, एवढीच त्यांची मूळ कल्पना होती. हॅरिसनने ती ऐकली आणि पाच-सहा आठवड्यांत तिचे रूप पालटून टाकले. मित्रांना दूरध्वनी झाले, सभागृह ठरले, ‘बांगला देश’ नावाचे नवे गीत लिहून त्याची ध्वनिमुद्रिकाही जुलैअखेर बाजारात आली. पॉल मॅकार्टनी आणि जॉन लेनन मात्र आले नाहीत. बीटल्स विखुरले होते आणि त्यांचे आपसांतले तंटे न्यायालयापर्यंत गेले होते.

जो भाग पुढे ढकलू नये

घरबसल्या चित्रपट पाहणाऱ्याच्या हाती रिमोट असतो आणि डिलन किंवा क्लॅप्टनसाठी आलेला प्रेक्षक भारतीय संगीताचा भाग भराभर पुढे ढकलतो. हा मोह टाळावा. हॅरिसनने कार्यक्रमाचा प्रारंभ याच वादनाने व्हावा असे ठरवले होते आणि हे संगीत आमच्यापेक्षा जरा अधिक गंभीर आहे, अशी विनयपूर्वक सूचनाही तो श्रोत्यांना देतो. स्वतः रविशंकर वादनाच्या वेळी धूम्रपान न करण्याची विनंती करतात.

पुढे सुरू होते ती ‘बांगला धून’. सतार आणि सरोद यांची ही जुगलबंदी लोकसंगीताच्या वळणाने जाते. तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती आहेत. दादऱ्याच्या झोकात आरंभ होऊन वादन त्रितालात शिरते आणि सवाल-जवाबाची लय चढत जाते. अल्लारखाँ हे मुंबईकर रसिकांच्या ओळखीचे नाव. मुंबई आकाशवाणीवर त्यांनी नोकरी केली आणि ए. आर. कुरेशी या नावाने हिंदी चित्रपटांना संगीतही दिले. दोन वादकांचे संभाषण रंगात आले असताना ते एखादा तुकडा टाकतात आणि अलगद समेवर येतात. त्यावेळची तिघांची नजरानजर कॅमेऱ्याने नेमकी टिपली आहे. आपल्या मुलखाची वाताहत होत असताना हे कलावंत तिथलीच धून वाजवत आहेत, याचे भान ठेवून हा भाग पाहिला की त्यातला आनंदही वेगळ्या तऱ्हेने ऐकू येतो.

तारकांच्या गर्दीतला संकोच

त्यानंतर पांढरा सूट आणि नारिंगी सदरा घातलेला, दाढी वाढवलेला हॅरिसन आपला भलामोठा वाद्यमेळ घेऊन उभा राहतो. बीटल्सनी १९६६ मध्ये जाहीर दौरे थांबवले होते. पुढे उभे राहून संपूर्ण कार्यक्रम पेलण्याचा अनुभव त्याला नव्हता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण लपत नाही. पण हा संकोचच चित्रपटाचे सौंदर्य ठरला आहे. इथे कुणी कुणावर मात करायला आलेले नाही. रिंगो स्टार आपल्याच गाण्याचे शब्द विसरतो आणि हसत पुढे जातो. बिली प्रेस्टन ऑर्गनवरून उठतो आणि देहभान हरपून नाचू लागतो. त्या काळी हेरॉइनच्या व्यसनात गुरफटलेला एरिक क्लॅप्टन बहुतेक तालमींना येऊ शकला नव्हता. तरीही तो उभा राहतो आणि आपला भाग वाजवतो. ‘हिअर कम्स द सन’ या गीतात सारा कोलाहल ओसरतो. दोन साध्या गिटारी आणि मागचा गायकवृंद, एवढ्यावर ते विशाल सभागृह शांत होते.

आणि मग डिलन. १९६९ च्या आइल ऑफ वाइट महोत्सवानंतर तो रंगमंचावर फारसा दिसला नव्हता. तो येईल की नाही, याची खात्री खुद्द हॅरिसनला नव्हती. गिटारीला चिकटवलेल्या गाण्यांच्या यादीत त्याने डिलनच्या नावापुढे प्रश्नचिन्ह घातले होते, असे तोच नंतर सांगत असे. डेनिमचे जाकीट, गळ्यात माउथ ऑर्गन आणि हातात गिटार अशा वेषात डिलन येतो. साथीला हॅरिसन, बास गिटारवर रसेल आणि खंजिरीवर रिंगो. ‘ब्लोइंग इन द विंड’ आणि ‘जस्ट लाइक अ वुमन’ ही गाणी अनेकांनी अनेकदा ऐकली असतील. पण मोजक्या साथीत, जवळून घेतलेल्या दृश्यांत ती ऐकताना मधल्या अर्धशतकाचे अंतर जाणवत नाही.

तांत्रिकदृष्ट्या मात्र चित्रपट निर्दोष नाही. सोळा मिलिमीटरच्या फितीवर केलेले चित्रण मोठ्या पडद्यासाठी सत्तर मिलिमीटरवर वाढवले गेले. त्यामुळे चित्र काहीसे दाणेदार दिसते आणि प्रकाशही अपुरा वाटतो. दुपारच्या आणि रात्रीच्या कार्यक्रमांतले निवडक भाग इथे एकत्र गुंफले आहेत. म्हणजेच आपण पाहतो ती एक सलग संध्याकाळ नव्हे, तर संकलनाने घडवलेली संध्याकाळ आहे. अलीकडच्या संगीतपटांतला कॅमेऱ्याचा धावता खेळ इथे नाही. पण वादकाची बोटे आणि चेहरा दिसत राहतात आणि संगीतप्रेमीला त्याहून अधिक काय हवे असते?

पडद्यावर न दिसणारे दशक

अखेरचे ‘बांगला देश’ हे गीत संपते, हॅरिसन गिटार ठेवून निघून जातो आणि प्रेक्षकाला वाटते, काम फत्ते झाले. प्रत्यक्षात काम तिथून पुढे सुरू झाले. प्रवेशिकांच्या विक्रीतून जमलेले २,४३,४१८ डॉलर त्याच महिन्यात युनिसेफकडे सुपूर्द झाले. रविशंकर यांच्या मूळ अपेक्षेच्या जवळजवळ दसपट ही रक्कम होती. परंतु खरी मोठी रक्कम येणार होती ती तीन तबकड्यांच्या ध्वनिमुद्रिका-संचातून आणि चित्रपटातून. कलावंत निरनिराळ्या कंपन्यांशी करारबद्ध असल्यामुळे वाटाघाटी लांबल्या आणि हा संच डिसेंबर १९७१ मध्ये बाहेर पडला. त्याची विक्री अफाट झाली आणि पुढे त्याला वर्षातील सर्वोत्तम संचाचा ग्रॅमी पुरस्कारही मिळाला.

खोडा पडला तो निराळ्याच ठिकाणी. कार्यक्रमापूर्वी युनिसेफशी रीतसर व्यवस्था केलेली नसल्याने अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याने करमाफी नाकारली आणि मोठी रक्कम वर्षानुवर्षे अडकून पडली. ब्रिटनमध्येही खरेदी कर माफ झाला नाही. तिथल्या सरकारी तिजोरीसाठी हॅरिसनला १९७३ मध्ये दहा लाख पौंडांचा धनादेश द्यावा लागला. दरम्यान स्वतंत्र झालेल्या बांगलादेशात १९७४ साली भीषण दुष्काळ पडला. ज्यांच्यासाठी पैसा जमला ते भुकेले होते आणि त्यांच्या नावाचा पैसा कागदपत्रांत बंदिस्त होता. दशक उलटल्यावर ८८ लाख डॉलरची रक्कम मोकळी झाली आणि १९८५ पर्यंत युनिसेफमार्फत पोहोचलेल्या मदतीचा आकडा सुमारे एक कोटी वीस लाख डॉलरवर गेला.

यात कुणी लबाडी केली म्हणून हा विलंब झाला असे म्हणता येत नाही; घाईत एक कायदेशीर पायरी राहून गेली आणि तिची किंमत फार मोठी ठरली. पुढच्यांनी त्यातून धडा घेतला. १३ जुलै १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमापूर्वी काही महिने अगोदरच बँड एड न्यासाची स्थापना झालेली होती. आज आपल्याकडे भूकंप, पूर वा महामारीनंतर मदतनिधीचे कार्यक्रम होतात. तेव्हा कोण गाणार याबरोबरच पैसा कुठल्या खात्यात आणि कोणत्या नियमाखाली जाणार, हा प्रश्न विचारणे म्हणजे अरसिकपणा नव्हे.

नाव आधी पोहोचले

मग त्या रविवारचे फलित कोणते? १ ऑगस्ट १९७१ रोजी जगातील एकाही राष्ट्राने बांगलादेशाला मान्यता दिलेली नव्हती. भारताची मान्यता ६ डिसेंबरला आली आणि १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. अमेरिकेचे निक्सन सरकार तर पाकिस्तानच्या बाजूला झुकलेले होते. ढाक्यातील अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिलमध्येच निषेधाची तार पाठवली होती; पण तिची दखल घेतली गेली नाही. अशा वेळी अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या शहरात ‘पूर्व पाकिस्तान’ असे न म्हणता ‘बांगला देश’ हे नाव फलकावर आले, गाण्यात आले आणि तरुणांच्या तोंडी बसले. राजदूतांच्या तारेला जे साधले नाही, ते एका गीताच्या धृपदाने बऱ्याच अंशी साधले.

भारतीय वाचकाने या चित्राला आणखी एक चौकट जोडून पाहावी. त्याच नोव्हेंबरपासून आपल्याकडे प्रत्येक पत्रावर निर्वासित साहाय्यासाठी पाच पैशांचे जादा तिकीट लावणे सक्तीचे झाले होते. त्या काळी पत्रे लिहिणाऱ्यांना ते छोटे तिकीट आठवत असेल. न्यूयॉर्कमध्ये तारकांच्या तेजात उभी राहिलेली मदत आणि इथे पोस्टाच्या खिडकीवर पाच-पाच पैशांनी जमलेली मदत एकाच माणसांसाठी होती. पहिलीचा चित्रपट झाला, दुसरीचा होणार नव्हता.

हॅरिसन २००१ मध्ये गेला, रविशंकर २०१२ मध्ये. अल्लारखाँ आणि अली अकबर खाँ हेही आज हयात नाहीत. २००५ मध्ये हॅरिसनच्या नावाने युनिसेफसाठी निधी स्थापन झाला आणि चित्रपटाचे उत्पन्न त्याकडे वळवण्यात आले. एका दुपारी आणि एका रात्री वाजलेले संगीत इतक्या वर्षांनंतरही मुलांसाठी पैसा मिळवत राहिले, हे त्याचे आगळेपण. चित्रपट अवश्य पाहावा. मात्र पहिल्या वीस मिनिटांतली धून टाळू नये आणि शेवटच्या टाळ्यांनंतर पडदा काळा झाला की, पुढच्या दहा वर्षांची आठवण ठेवावी.