दुर्बिणीची शस्त्रक्रिया व अपत्यप्राप्ती

लॅपरोस्कोपीला मराठीत सर्रास 'दुर्बिणीतून केलेली शस्त्रक्रिया' म्हणतात. दुर्बीण म्हणजे दूरचे पाहणारी. येथे तिला पोटातले, अगदी जवळचे पाहावयाचे असते. तथापि हे लोकांनी दिलेले नाव इतिहासाला धरून आहे; कारण हे उपकरण प्रारंभी पाहण्यासाठीच होते, कापण्यासाठी नव्हे.

स्टॉकहोमच्या याकोबेउस यांनी १९१० साली रुग्णांच्या उदरात दर्शक नळी घालून पाहिले. १९४० नंतर पॅरिसच्या राउल पामर यांनी ती वंध्यत्वाच्या तपासणीस लावली. पुढे कील येथील कुर्ट झेम यांनी त्याच छिद्रांतून शस्त्रे नेली. १९८० साली त्यांनी या मार्गाने आंत्रपुच्छ काढले, तेव्हा समव्यवसायींचा रोषच त्यांच्या वाट्याला आला.

एंडोमेट्रिऑसिस या विकारात गर्भाशयाच्या अंतःस्तरासारखी ऊती अंडाशयावर व उदराच्या आवरणावर वाढते. ती दिसली की जाळावी किंवा कापावी, हे ओघानेच आले. परंतु सौम्य विकार असलेल्या काही स्त्रियांना उपचाराविनाही गर्भ राहतो. मग शस्त्रक्रियेनंतर राहिलेल्या गर्भाचे श्रेय शस्त्राला कसे द्यावे? तुलनेवाचून या प्रश्नाला उत्तर नव्हते.

ती तुलना कॅनडात झाली व १९९७ साली प्रसिद्ध झाली. अपत्य होत नसलेल्या, सौम्य विकाराच्या ३४१ स्त्रियांची यादृच्छिक विभागणी करण्यात आली. एका गटातील विकृत ऊती काढली. दुसऱ्या गटात ती केवळ पाहिली व तशीच राहू दिली. हा निर्णय कठोर वाटेल, पण त्यावाचून पुरावा मिळाला नसता. छत्तीस आठवड्यांत राहिलेले व वीस आठवड्यांपलीकडे टिकलेले गर्भ पहिल्या गटात १७२ पैकी ५० होते, दुसऱ्यात १६९ पैकी २९. लाभ निःसंशय होता. मात्र शस्त्रक्रिया होऊनही १२२ स्त्रियांना त्या मुदतीत हे फळ मिळाले नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. १९९९ सालच्या इटलीतील १०१ स्त्रियांच्या लहान चाचणीत तर लाभ आढळलाच नाही.

अंडाशयातील गाठींची गोष्ट निराळी. गाठीचे आवरण सोलताना त्यास चिकटलेली निरोगी ऊतीही निघते आणि तिच्याबरोबर बीजांडे जातात. दोन्ही अंडाशयांवर किंवा पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्यास ही हानी वाढते. म्हणून आता स्त्रीचे वय व बीजांडांचा उरलेला साठा आधी पाहतात, आणि कित्येकदा गाठीला हात न लावता कृत्रिम गर्भधारणेचा मार्ग धरतात.