विजेवरची पुंगी

पाथरीत नागिनीची धून न वाजवता निघालेली वरात मला आठवत नाही. एकजण तोंडात रुमाल धरून गारुडी होतो, दुसरा रस्त्यावर लोळतो. लग्न कोणत्याही मोहल्ल्यातले असो, धून तीच. पण मंडळी, ही धून मुळात कोणा गारुड्याने फुंकलेली नव्हे.

‘नागिन’ चित्रपट १९५४ चा, संगीतकार हेमंतकुमार. त्यातली पुंगी वाजवली कल्याणजींनी, क्लॅव्हिओलिन या वाद्यावर. जोडीला रवी पेटीवर होते. पुढे हे दोघेही नामवंत संगीतकार झाले. क्लॅव्हिओलिन हे फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ च्या सुमारास केलेले विजेवरचे वाद्य. पट्ट्या पेटीसारख्या, पण भाता नाही. आत जुन्या रेडिओसारखे व्हॉल्व्ह. एका वेळी एकच स्वर निघे. पियानोवाल्याला हे लंगडेपण वाटावे, पुंगीला मात्र तेवढेच पुरते. गारुडी गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतो, म्हणून त्याचा सूर तुटत नाही. विजेला तर दमच लागत नाही! आणि सूर थरथरवण्याची सोय यंत्रातच होती.

गंमत अशी, की त्याच काळात आकाशवाणीवर साध्या पेटीला बंदी होती. विलायती वाद्य, आपल्या श्रुती तिला पेलत नाहीत, म्हणून १९४० साली घातलेली ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. १९५२ पासून चित्रपटगीतेही तिथून जवळपास हद्दपार झाली होती. ती ऐकायची तर रेडिओ सिलोन लावावा लागे. पेटी परकी ठरली आणि फ्रेंच यंत्रातली पुंगी अस्सल देशी! मुसलमान असून मराठीत कविता कशी लिहिता, असे मला अजून विचारले जाते. त्यामुळे ही छाननी माझ्या ओळखीची आहे.

आमच्या लहानपणी नागपंचमीला येणारे गारुडीही सिनेमाचीच धून वाजवत. सापाला बाहेरचे कान नसतात, तो पुंगीच्या हालचालीवर डोलतो. भुललो ते आपणच.

क्लॅव्हिओलिनने एका पुंगीची जागा घेतली. पुढची यंत्रे अख्खा वाद्यवृंद पोटात घेऊन आली. केरसी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात मुंबईच्या स्टुडिओत सिंथेसायझर रुळवला. चरणजितसिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीच्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. ती तबकडी तेव्हा कोणी फारशी विचारली नाही. २०१० साली पुन्हा निघाली, तेव्हा परदेशात तिचे कौतुक झाले. दरम्यान एकेका गाण्याला रांगेने बसणारे व्हायोलिनवादक, त्यात कितीतरी गोव्याचे, हळूहळू घरी बसले. तबकड्यांवर त्यांची नावे तेव्हाही सहसा नसत.