लिकच्या डोंगरावरच्या दोन छत्तीस इंची दुर्बिणी

कॅलिफोर्नियात माउंट हॅमिल्टनवरच्या लिक वेधशाळेत १८९५ नंतर ३६ इंच व्यासाच्या दोन दुर्बिणी होत्या. एक १८८८ सालची, त्या वेळची जगातली सर्वांत मोठी भिंगाची दुर्बीण. दुसरी इंग्लंडहून देणगीदाखल आलेली न्यूटोनियन, म्हणजे आरशाची: आरसा जॉर्ज कॅल्व्हरचा, बांधणी अँड्र्यू कॉमनची, नाव मात्र दाता एडवर्ड क्रॉसलीचं. मान पहिलीचा, दुसरीकडे सुरुवातीला फारसं कुणी वळेना. तरी तेजोमेघांच्या छायाचित्रणात बाजी मारली ती दुसरीनेच. व्यास सारखाच असल्याने त्याचं श्रेय व्यासाला देता येत नाही. ते आखूड नाभीय अंतराला द्यावं लागतं. भिंगवालीचं हे अंतर सुमारे १७.६ मीटर, म्हणजे व्यासाच्या एकोणीस पट, एफ/१९; क्रॉसलीचं ५.३ मीटर, म्हणजे एफ/५.८. तेवढाच प्रकाश लहान प्रतिमेत एकवटल्यावर पसरट तेजोमेघ प्लेटवर सुमारे अकरा पट उजळ पडतो. ताऱ्यांना हा हिशेब लागू नाही, तिथे व्यासच महत्त्वाचा. जोडताऱ्यांची मापं घेणाऱ्यांना लांबलचक दुर्बीण प्रिय होती, ती काही उगाच नाही.

यावर कुणी म्हणेल, करामत आरशाची. आरसा सगळे रंग एकाच जागी आणतो. डोळ्यासाठी घासलेल्या भिंगात निळा प्रकाश विस्कटतो, आणि तेव्हाच्या प्लेटना मुख्यतः निळाच दिसे. हे खरं, पण अर्धंच. त्याच डोंगरावर एडवर्ड बर्नार्डने आकाशगंगेचे ढग टिपले ते पोर्ट्रेट कॅमेऱ्याच्या जुन्या सहा इंची भिंगातून, आणि तेही एफ/५च्या आसपासचंच होतं. मग श्रेय कोरड्या जिलेटिन प्लेटला द्यायचं का? तिच्याशिवाय यातलं काही घडलं नसतं, हे मान्यच. कॉमनने १८८३ मध्ये, पुढे क्रॉसलीचं नाव मिळालेल्या याच दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ टिपला तो तिच्याच जोरावर. पण कोरड्या प्लेट लिकच्या दोन्ही दुर्बिणींना सारख्याच उपलब्ध होत्या.

अशा आखूड नाभीय अंतराच्या, म्हणजे ‘फास्ट’ दुर्बिणीची किंमत मात्र मोजावी लागते. १८९८ मध्ये लिकचा संचालक झालेल्या जेम्स कीलरला आधी क्रॉसलीची डळमळीत बैठक दुरुस्त करावी लागली. प्लेट जेमतेम ८ बाय ११ सेंटिमीटरची. तिच्या कडेशी बसवलेल्या नेत्रिकेत एक तारा धरायचा आणि तो हलला की स्क्रू फिरवून प्लेटच सरकवायची, कधीकधी चार-चार तास. शिवाय अशा आरशात मधले तारे टोकदार, तर कडेच्या ताऱ्यांना शेपटं फुटतात, हाच कोमा. एवढं सोसून कीलरने दोन वर्षांत जे टिपलं त्यावरून आवाक्यातल्या तेजोमेघांचा अंदाज १,२०,००० वर गेला, आणि त्यांतले बहुतेक सर्पिल निघाले. १९०० मध्ये तो वारला, अवघ्या ४२व्या वर्षी. कोमावर भिंगांचा उतारा फ्रँक रॉसने १९३५ मध्ये मांडला. आज एफ/४ न्यूटोनियन घेणाऱ्याने कोमा करेक्टरचे पैसे दुर्बिणीच्या किमतीतच धरावेत.