लहान विमानांची इंधनप्रणाली : देखभाल व सुरक्षा

लहान खाजगी व प्रशिक्षण विमानांत टाकीपासून इंजिनापर्यंत स्वच्छ इंधन अखंड पोहोचावे आणि दुरुस्तीच्या वेळी त्याने पेट घेऊ नये, यासाठी घ्यावयाची दक्षता. टाक्या बहुधा पंखांत असतात. कार्ब्युरेटर असलेल्या सेसना १७२ मध्ये पंख वर असल्याने इंधन स्वतःच्या भाराने खाली उतरते. पायपर चेरोकीचे पंख खाली असल्याने तिथे पंप लागतो. टाकी निवडण्याची झडप, गाळणी आणि हवा आत घेणारी व्हेंट नळी हे इतर महत्त्वाचे भाग होत.

इंधने : बहुतेक पिस्टन इंजिने निळ्या रंगाच्या ‘अ‍ॅव्हगॅस १०० एलएल’वर चालतात. इंडियन ऑइलने देशी अ‍ॅव्हगॅस सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आणले. त्यापूर्वी ते आयात होत असे. डायमंड डीए ४२ सारख्या विमानांची डिझेल पद्धतीची इंजिने मात्र ‘जेट ए-१’ वापरतात. अ‍ॅव्हगॅसच्या टाकीत चुकून जेट इंधन गेले, तर इंजिनात अकाली स्फोटक ज्वलन होऊन ते उड्डाणातच निकामी होऊ शकते. संशय आल्यास पांढऱ्या कागदावर थेंब टाकतात. अ‍ॅव्हगॅस उडून जाते. जेट इंधन मिसळलेले असल्यास तेलकट कडे उरते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. अशा पेट्रोलवरही चालणाऱ्या रोटॅक्स ९१२ मालिकेच्या विमान-इंजिनांना मात्र निर्मात्याची मुभा १० टक्क्यांपर्यंतच आहे.

उष्णता : विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४०° से.च्या वर जातो. जेट ए-१ ची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकेल असे तापमान, म्हणजे त्याचा प्रज्वलनांक, किमान ३८° से. असतो. म्हणून ‘हे रॉकेलसारखेच, लगेच पेटत नाही’ हा भरवसा विदर्भाच्या उन्हाळ्यात चालत नाही. अ‍ॅव्हगॅसची वाफ तर थंडीतही पेट घेते. याच उन्हात नळ्यांत इंधनाची वाफ अडकून प्रवाह खंडित होण्याचाही धोका असतो.

पाणी : पावसाळ्यात झाकणाची रबरी कडी झिजलेली असली की टाकीत पाणी उतरते, अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेचेही पाणी होते. पाणी जड असल्याने तळाशी बसते. म्हणून दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी आणि प्रत्येक वेळी इंधन भरल्यावर तळाच्या झडपांतून पारदर्शक पेल्यात नमुना काढतात. सेसना १७२ एस मध्ये अशा १३ जागा आहेत. निळ्या इंधनाखाली पाण्याचा रंगहीन थर स्पष्ट दिसतो. पेला पूर्ण पाण्याने भरला तर मात्र रेषाच दिसत नाही आणि नमुना स्वच्छ वाटतो. त्यासाठी तो पांढऱ्या पृष्ठभागासमोर धरून निळा रंग आहे ना, हे पाहावे लागते.

व्हेंट व गळती : उभ्या असलेल्या विमानाच्या व्हेंटमध्ये कुंभारमाशी मातीचे घर करते. व्हेंट बुजली की टाकीत पोकळी निर्माण होते आणि इंधन असूनही इंजिन बंद पडते. सांध्याभोवतीचा निळा डाग ही जुन्या गळतीची खूण असते.

दुरुस्ती : टाकी रिकामी करण्याचे काम हँगरबाहेर, मोकळ्या हवेत करतात. स्थिर विजेची ठिणगी टाळण्यासाठी विमान आणि इंधनाचे भांडे आधी तारेने एकमेकांशी जोडतात. बॅटरी तोडलेली, अग्निशामक हाताशी आणि मोबाइल दूर असावा. अ‍ॅव्हगॅसमध्ये शिशाचे संयुग असल्याने हातमोजे आवश्यक ठरतात. सांधे बसवल्यावर लॉकिंग वायर घालतात, दाबाखाली गळती तपासतात आणि इंजिन जमिनीवर चालवून पाहतात.

नियमन : भारतात हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या देखरेखीखाली येते. १९३४ च्या कायद्याच्या जागी आलेला भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. देखभालीनंतर विमान उड्डाणयोग्य असल्याची सही परवानाधारक अभियंता करतो. उड्डाणापूर्वी इंधनाचा नमुना तपासल्याची खात्री करण्याची जबाबदारी मात्र वैमानिकाचीच राहते.