कारुझोच्या शेजारचे आवाज

एन्रिको कारुझो हे नाव ऑपेराचा एकही प्रयोग न पाहिलेल्या माणसाच्याही कानावरून गेलेलं असतं. १८७३ साली नेपल्समध्ये जन्मलेला आणि १९२१ साली त्याच शहरात, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वारलेला हा टेनर. टेनर म्हणजे पुरुष गायकांतला चढ्या पट्टीचा गळा. ऑपेरातला नायक बहुधा त्याच्याच वाट्याला येतो. कारुझोच्या गळ्यावर, श्वासावर, प्रेमप्रकरणांवर आणि जेवणाच्या आवडीनिवडींवर भरपूर लिहिलं गेलं आहे. या प्रस्तावनेतून मला वाचकाला बोलवायचं आहे ते मात्र त्याच्या शेजारी उभं राहून गायलेल्या, त्याच्यासाठी पियानो वाजवलेल्या, त्याच्या चुका सांभाळून घेतलेल्या माणसांच्या अभ्यासाकडे. ऑपेरा एकट्याने गाता येत नाही. कारुझोच्या सुरातल्या कितीतरी गोष्टी समोरच्या गायकाला दिलेलं उत्तर म्हणून आलेल्या आहेत, आणि प्रश्न ऐकलाच नाही तर उत्तराची गोडी निम्मीच कळते.

सुरुवात १८९७ च्या उन्हाळ्यापासून करावी. लिव्होर्नो या बंदराच्या गावी कारुझोला आदा जाकेत्ती ही सोप्रानो, म्हणजे चढ्या पट्टीची गायिका, भेटली. तेव्हा रंगभूमीवर तिचं नाव त्याच्याहून मोठं होतं. पुढची अकरा वर्षं ते एकत्र राहिले, त्यांना दोन मुलगे झाले आणि १९०८ साली ती त्याला सोडून गेली. चरित्रकारांनी तिला बहुतेक वेळा या शेवटच्या प्रकरणापुरतीच जागा दिली आहे. मला हा मोठा अन्याय वाटतो. उमेदवारीच्या काळात ज्या तरुणाचा वरचा सूर फाटायचा, त्याच्या घरात चोवीस तास एक कसलेली गायिका होती, ही गोष्ट त्याच्या गायकीच्या इतिहासात बसते. तिला घरगुती भानगडीच्या खात्यात टाकून चालणार नाही.

दुसरा माणूस आहे साल्वातोरे कोत्तोने. ११ एप्रिल १९०२ रोजी मिलानच्या ग्रँड हॉटेलमध्ये फ्रेड गाइसबर्ग या ध्वनिमुद्रकाने कारुझोची दहा गाणी मुद्रित केली. ठरलेली बिदागी होती शंभर पौंड. याच हॉटेलात सव्वा वर्षापूर्वी ऑपेराकार व्हेर्दीने शेवटचा श्वास घेतला होता. त्या दिवशी पियानोवर कोत्तोने होता. मायक्रोफोन अजून यायचा होता. आवाज थेट कर्ण्यात जायचा आणि मेणाच्या तबकडीवर कोरला जायचा. मध्येच थांबून पुन्हा गाण्याची सोय नव्हती. एका उभ्या पियानोवर अख्ख्या वाद्यवृंदाचं काम करायचं आणि तरी गाणाऱ्याला घाई होऊ द्यायची नाही, ही कोत्तोनेची कामगिरी. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हाच गाइसबर्ग कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित करत होता. आपल्या जुन्या तबकड्या जपून ठेवणाऱ्या मराठी रसिकाला म्हणून हा विषय परका वाटू नये. यंत्र तेच, कर्णा तोच, आणि तबला-सारंगीवाल्यांची नावं आपल्याकडच्या लेबलांवरही क्वचितच सापडतात.

काही वेळा पियानोवर खुद्द संगीतकार बसला. ८ एप्रिल १९०४ ला लिऑनकाव्हालोने स्वतःचं ‘मात्तिनाता’ कारुझोसाठी वाजवलं; ते गाणं ग्रामोफोन कंपनीसाठीच रचलेलं होतं. त्याआधी १८९८ मध्ये जोर्दानोने ‘फेदोरा’चा पहिला प्रयोग मिलानमध्ये स्वतः संचालित केला, तेव्हा समोर जेम्मा बेल्लिंचोनीसारखी नामांकित गायिका होती. तिच्या शेजारी उभा राहिलेला पंचविशीतला कारुझो त्या रात्रीनंतर इटलीभर ठाऊक झाला.

२३ नोव्हेंबर १९०३ ला तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ‘रिगोलेत्तो’मधून पहिल्यांदा उभा राहिला. नायिका गिल्डाच्या भूमिकेत होती मार्चेल्ला सेम्ब्रिख, आणि कुबड्या विदूषकाच्या भूमिकेत अँटोनियो स्कॉटी. हा स्कॉटी या साऱ्या कथेतला माझा सर्वांत आवडता माणूस. तोही नेपल्सचा, कारुझोपेक्षा सात वर्षांनी मोठा, मेट्रोपॉलिटनमध्ये चार वर्षं आधी आलेला. त्याचा बॅरिटोन, म्हणजे टेनरहून खालच्या पट्टीचा गळा, फार दणकट नव्हता. शब्द स्वच्छ टाकणं आणि अभिनय यांवर त्याची मदार होती. एप्रिल १९०६ च्या भूकंपात दोघंही सॅन फ्रान्सिस्कोत होते. त्याच्या महिनाभर आधी त्यांनी ‘ला फोर्झा देल देस्तिनो’मधलं युगुलगीत मुद्रित केलं होतं. त्यात जखमी टेनर मित्राकडे एक गुपित सोपवतो आहे. कारुझो लांब ओळ घेतो तेव्हा स्कॉटी मोठ्या आवाजाच्या मोहात पडत नाही. तो छोटी छोटी, जवळजवळ बोलल्यासारखी उत्तरं देतो, आणि त्या उत्तरांमुळे कारुझोचा आवाज मरणाच्या दारातल्या माणसाचा वाटू लागतो. हेच गाणं एखाद्या दांडग्या बॅरिटोनबरोबर असतं तर ती चढाओढ झाली असती. चढाओढच ऐकायची तर जानेवारी १९१४ मधलं तित्ता रुफ्फोबरोबरचं ‘ओतेल्लो’तलं शपथेचं गाणं आहे: दोन प्रचंड गळे, एकही मागे हटत नाही. कारुझोने ओतेल्लोची भूमिका रंगमंचावर कधीच केली नाही, त्यामुळे या तबकडीचं मोल आणखी वाढतं.

आता वाद्यवृंदाकडे. कारुझोच्या तबकड्या काढणाऱ्या व्हिक्टर कंपनीच्या खोलीत वॉल्टर रॉजर्स आणि नंतर जोसेफ पास्टर्नाक यांच्या हाताखाली मोजके वादक दाटीवाटीने बसत. साध्या व्हायोलिनचा आवाज कर्ण्यापर्यंत नीट पोचत नसे, म्हणून बऱ्याचदा लाकडी पेटीऐवजी धातूचा भोंगा लावलेलं स्ट्रो व्हायोलिन वापरत. डबल बासच्या जागी ट्यूबा फुंकला जाई. जुन्या तबकड्यांवरची साथ बँडसारखी वाजते ती यामुळे. वादक कमी दर्जाचे होते असा समज करून घेऊ नये.

या वादकांवर पुढे जे गुदरलं ते अभ्यासकाने नीट ध्यानात ठेवायला हवं. १९२५ नंतर मायक्रोफोन आला आणि कारुझोच्या तबकड्या जुनाट वाटू लागल्या. १९३२ साली कंपनीने एक उपाय काढला: जुनी तबकडी वाजवायची, तिच्याबरोबर नवा मोठा वाद्यवृंद वाजवायचा आणि दोन्ही मिळून नवी तबकडी काढायची. मूळ वादकांचा आवाज त्याखाली गाडला गेला. १९७० च्या दशकात टॉमस स्टॉकहॅमने संगणकाच्या मदतीने कर्ण्याचे दोष काढून टाकले, ते काम आदराने पाहावं असं आहे. पण विसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नाचा वाद्यवृंद पुन्हा एकदा कारुझोच्या गळ्याखाली बसवण्यात आला. रॉजर्सच्या माणसांनी कारुझो जिथे थांबला तिथे थांबून, तो रेंगाळला तिथे रेंगाळून साथ केली होती. नव्या वादकांना मेलेल्या माणसाच्या मागे धावावं लागलं. हा फरक कानाला कळतो, आणि कळला की नवी साथ ऐकवत नाही.

मोठ्या नावांच्या सावलीत काही चिवट माणसं सापडतात. ‘लुचिया’ या ऑपेरातलं सहा जणांचं गाणं कारुझोने तीनदा मुद्रित केलं. १९०८ ला सेम्ब्रिख आणि स्कॉटी, १९१२ ला तेत्राझ्झिनी आणि आमातो, १९१७ ला गाल्ली-कुर्ची आणि दे लुका. पहिली तबकडी सात डॉलरला विकली जाई, ही त्या काळी चैनच. तिन्ही वेळा नायिका बदलली, बॅरिटोन बदलला. कारुझोखेरीज तिन्हींत कायम राहिला तो फ्रेंच बास, म्हणजे खर्जाचा गायक, मार्सेल जूर्ने. शेवटच्या दोन्हींत दुय्यम टेनर आहे आंजेलो बादा. निरोप्या, नोकर, कारकून असल्या भूमिका करत या माणसाने मेट्रोपॉलिटनमध्ये तीस वर्षांत दोन हजारांहून अधिक प्रयोग केले. कारुझोचे तिथले प्रयोग आठशेंच्या वर जातात. रोजच्या रोज प्रयोग उभा राहायचा तो बादासारख्यांच्या भरवशावर.

हा भरवसा दोन्ही बाजूंचा होता. डिसेंबर १९१३ मध्ये फिलाडेल्फियात ‘ला बोहेम’ चालू असताना बास आंद्रेस दे सेगुरोलाचा आवाज बसला. चौथ्या अंकात त्याच्या पात्राला आपल्या जुन्या कोटाचा निरोप घ्यायचा असतो. कारुझोने प्रेक्षकांकडे पाठ करून ते बासचं गाणं स्वतः गायलं. पुढे १९१६ मध्ये हौसेखातर ते मुद्रितही झालं, त्यामुळे टेनरच्या गळ्यातून निघालेला तो खर्ज आज आपल्याला ऐकता येतो. सात वर्षांनी, ११ डिसेंबर १९२० ला ब्रुकलिनमध्ये, परतफेडीची वेळ आली. ‘लेलिसिर दामोरे’च्या पहिल्या अंकात कारुझोच्या तोंडातून रक्त येऊ लागलं. तो गातच राहिला, आणि सहकारी त्याच्या हातात एकामागून एक रुमाल देत राहिले. अंक संपल्यावर प्रयोग थांबवावा लागला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, नाताळच्या आदल्या रात्री, तो अखेरचा रंगमंचावर गायला.

साल्वातोरे फुचितो शेवटची काही वर्षं रोज त्याच्याबरोबर पियानोला बसत असे. कारुझो गेल्यावर फुचितोने त्याच्या गायनपद्धतीवर पुस्तक लिहिलं. साथीदाराने लिहिलेलं असल्यामुळे ते मला कोणत्याही चरित्राहून उपयोगी वाटतं, कारण गळा तापवताना कारुझो नक्की काय करायचा हे त्यात आहे.

आणि मग रोझा पॉन्सेल. बहिणीबरोबर व्हॉडव्हिलच्या, म्हणजे हलक्याफुलक्या करमणुकीच्या, खेळांत गाणारी एकवीस वर्षांची ही अमेरिकन मुलगी १५ नोव्हेंबर १९१८ ला थेट मेट्रोपॉलिटनमध्ये, ‘ला फोर्झा देल देस्तिनो’त, कारुझोसमोर उभी राहिली. पुढे ‘ला ज्युईव्ह’मध्येही दोघं एकत्र होते. पण ती करारबद्ध होती कोलंबिया या दुसऱ्या ध्वनिमुद्रण कंपनीशी आणि तो व्हिक्टरशी, म्हणून दोघांची एकही तबकडी एकत्र निघाली नाही. अभ्यासकाने अशा वेळी प्रयोगांच्या नोंदी, वृत्तपत्रांतली परीक्षणं आणि दोघांच्या त्याच काळातल्या स्वतंत्र तबकड्या शेजारी शेजारी ठेवाव्यात. मेट्रोपॉलिटनची प्रयोगवार पात्रयादी आता कुणालाही घरबसल्या पाहता येते, ध्वनिमुद्रणांच्या तारखाही उपलब्ध आहेत.

नवख्या वाचकाला माझी विनंती एवढीच, की पहिल्या आठवड्यात ‘लुचिया’ची तिन्ही मुद्रणं लागोपाठ ऐकावीत, मूळ साथीसह. पहिल्यांदा ऐकताना कारुझोला ऐकावं. दुसऱ्यांदा कान जूर्नेवर ठेवावा. तिसऱ्यांदा, शेवटच्या दोन मुद्रणांत, बादाचा सूर शोधावा. तो सापडायला वेळ लागतो.