तपासनीस कधी काढायचा?

चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीत, म्हणजे इंग्रजांच्या ट्रिप्लिकेनमध्ये, एक साहित्य मंडळ होतं. त्यातल्या सहा तरुणांनी २० सप्टेंबर १८७८ रोजी ‘द हिंदू’ साप्ताहिक काढलं. पहिल्या अंकाच्या प्रती ८०. त्या काळी खिळे जुळवणारा वेगळा आणि मुद्रितं तपासणारा वेगळा असे. आपलीच चूक आपल्याला दिसत नाही, हा छापखान्याचा अनुभव.

बरोबर शंभर वर्षांनी, १९७८ साली, अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी हीच वाटणी संगणकात केली. सी भाषेच्या कंपायलरनं प्रोग्रॅम झटपट यंत्रभाषेत न्यावा आणि संशयास्पद जागा ‘लिंट’नं दाखवाव्यात. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेली धाग्यांची कुसं. न वापरलेला व्हेरिएबल, कधीच न पोहोचणारी ओळ, फंक्शनला दिलेली चुकीची माहिती, असं सगळं ते वेचून काढी.

पुढे १९८९ साली सी भाषेचं प्रमाणीकरण झालं आणि फंक्शनला काय द्यायचं हे आधीच लिहून ठेवायची सोय आली. लिंटचं बरंच काम कंपायलरच करू लागला. मग लिंट ठेवायचं कशाला? १९९५ साली नेटबीएसडीतून ओपनबीएसडी वेगळी झाली. घराणं एकच, पण ओपनबीएसडीनं पुढे लिंट काढून टाकलं, तर नेटबीएसडीनं ते ठेवलं आणि सुधारत नेलं. २०१९ साली टीएसलिंट बंद करायचं ठरलं तेव्हा ‘ईएसलिंटकडे चला’ असं सांगूनच. एकाच कामाची दोन हत्यारं सांभाळण्यात अर्थ नव्हता.

मराठीनंही असा निर्णय घेतलाय. ‘पांच’, ‘घरीं’ यांवरचा अनुस्वार उच्चारात उरलाच नव्हता, तरी मुद्रितशोधक तो तपासत बसे. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनानं १९६२ साली स्वीकारले आणि असे अनुस्वार गेले. लिहिणाऱ्यांचे कष्ट वाचले. पण पूर्वी ‘नांव’ म्हणजे नाम आणि ‘नाव’ म्हणजे होडी, हा फरक डोळ्यांना दिसायचा. आता तो संदर्भावरून ओळखावा लागतो. आपण ही किंमत मोजली, आणि ती परवडली.

म्हणून प्रोजेक्टमधलं लिंटर काढायचं की नाही, हे वैतागावरून ठरवू नये. त्याच्या तक्रारींची यादी करा आणि प्रत्येकीपुढे लिहा: ही चूक आता कोण पकडणार? कंपायलर, दुसरं हत्यार की कोड तपासणारा सहकारी? सगळ्या जागा भरल्या, तर खुशाल काढा. एखादी रिकामी राहिली, तर नुसता त्रास देणारे नियम बंद करा आणि तेवढा एक चालू ठेवा. रिकाम्या जागेतून सुटलेली चूक शेवटी वापरणाऱ्याच्या पदरात पडते, आणि हा निर्णय घेताना त्याला कुणी विचारलेलं नसतं.